'इम्पोर्टेड' ईसीयूच्या नावाखाली १ लाख ४० हजार घेतले, आणि इंजिन पण गेलं

टर्बो गाडीला बाहेरचा ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, बसवायचा विचार चालू असेल तर हे पूर्ण वाचा, कारण मला फसवणारा माणूस अजून सातारा-कराड पट्ट्यात गाड्या करतोय आणि अ‍ॅडव्हान्स घेतोय. नाव टाकत नाही, तक्रार चालू आहे. पद्धत सांगतो, त्यावरून ओळखाल.

गाडी फियाट लिनिया टी-जेट, २०११ची. १.४ लिटर टर्बो पेट्रोल, कंपनीतून ११४ पीएस आणि २०७ एनएम. जीव आहे माझा त्या गाडीवर. टर्बो मोठा बसवला, इंजेक्टर बदलले, आता फक्त त्याला जुळणारं ट्यूनिंग पाहिजे होतं. या माणसाचं पहिलंच वाक्य, "दादा, तुमचा ओरिजिनल ईसीयू लॉक असतो, रिमॅप होत नाही, स्टँडअलोनच टाकायला लागणार." म्हणजे आहे त्याच ईसीयूतली सेटिंग बदलता येत नाही, पूर्ण वेगळा ईसीयूच घ्यायला लागेल. साफ खोटं. टी-जेटचा बॉशचा ईसीयू रिमॅप होतो, बाहेर कितीतरी लोकांनी केलाय. पण रिमॅपमध्ये विकायला डबा नसतो, आणि खरा पैसा त्याला डब्यातच काढायचा होता.

डबा दिसायला एक नंबर. अ‍ॅल्युमिनियमची बॉडी, वर परदेशी कंपनीचा स्टिकर, सिरीयल नंबर सकट. पुण्याला डायनोवर, म्हणजे इंजिनची ताकद मोजणाऱ्या मशीनवर, ट्यून करतो म्हणून गाडी घेऊन गेला आणि आणून देताना हातात ग्राफ दिला, ५५०० आरपीएमला १७२ बीएचपी, आणि त्याच ठिकाणी टॉर्क १९० एनएम. हा ग्राफ नीट बघा, कारण हाच दुसऱ्यांना पण दिलाय. टॉर्क गुणिले आरपीएम भागिले ९५४९ केलं की किलोवॅट येतात. १९० गुणिले ५५०० भागिले ९५४९, म्हणजे १०९ किलोवॅट, म्हणजे १४७ बीएचपीच्या आसपास. एकाच आरपीएमला १७२ आणि १९० बसूच शकत नाही, डायनो कुठल्याही कंपनीचा असूदे. ग्राफ कॉम्प्युटरवर बसून बनवलेला होता.

गाडी पहिल्या दिवसापासून कमी आरपीएमला झटके मारायची, पेट्रोलचा वास यायचा. फोन केला की एकच उत्तर, "सेट व्हायला वेळ लागतो दादा, चालवा." नंतर यवतेश्वरचा घाट तिसऱ्या गिअरला चढताना बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब, आला की बॉनेटमधून खडखड असा धातूचा आवाज यायला लागला. आमच्या मिस्त्री काकांनी प्लग काढून हातावर ठेवले. पांढरा भाग एकदम कोरडा-पांढरा, आणि त्याच्यावर बारीक चमकणारे ठिपके, मिरीची पूड भुरभुरावी तसे. काका म्हणाले, "हा पिस्टनचा अ‍ॅल्युमिनियम आहे रे, इंजिन नॉक करून करून पिस्टन खातंय." नॉक म्हणजे पेट्रोल-हवेचं मिश्रण सिलिंडरमध्ये स्वतःहून भडकणं. कॉम्प्रेशन मोजलं तर तिसरा सिलिंडर बाकीच्यांच्या निम्म्यावर. हेड उघडलं, पिस्टनची रिंग लँड, म्हणजे रिंगांमधली कड, तुटलेली.

मग कराडचा ओळखीचा एक पोरगा आला, कॉलेजात फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धेच्या रेसिंग गाडीवर काम केलेला. त्याने स्टिकरवरच्या कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअर डाउनलोड केलं, फुकट मिळतं ते, आणि यूएसबी लावली. ईसीयू दिसेचना. शेवटी स्क्रू काढून डबा उघडला तर आत निळा आर्डुइनो मेगा बोर्ड, हिरव्या सर्किटवर बसवलेला. स्पीडुइनो, म्हणजे आर्डुइनो या स्वस्त हॉबी बोर्डावर बनवलेला ईसीयू. आता स्पीडुइनोला मी नावं ठेवणार नाही, तो ओपन सोर्स प्रोजेक्ट आहे, लोकांनी मेहनतीने उभा केलाय, आणि साध्या गाडीला जाणकाराने लावला तर चालतो पण. पण ते सामान काही हजारांचं आहे आणि माझ्याकडून घेतले १ लाख ४० हजार. शिवाय टी-जेटचा थ्रॉटल इलेक्ट्रॉनिक, तो या बोर्डला स्वतःहून चालवता येत नाही, म्हणून याने ओरिजिनल ईसीयू थ्रॉटलसाठी तसाच ठेवला आणि फक्त इंजेक्टर आणि कॉइलच्या वायरी कापून इकडं पिळून जोडल्या, वर काळी टेप. सोल्डर नाही, क्रिंप नाही. नॉक सेन्सर तर कशालाच जोडलेला नव्हता.

मॅप, म्हणजे ईसीयूतले सेटिंगचे तक्ते, ट्यूनरस्टुडिओ या सॉफ्टवेअरमध्ये उघडला आणि मला खरंच रडू आलं. इग्निशनच्या टेबलमध्ये, म्हणजे ठिणगी किती आधी टाकायची त्या तक्त्यात, १०० केपीएला, म्हणजे बूस्ट नसताना, जेवढा अ‍ॅडव्हान्स तेवढाच १८० केपीएला. २८ डिग्री. बूस्ट वाढला की टायमिंग मागं घ्यायलाच लागतं, हे या धंद्यातलं अगदी पहिलं काम, तेच केलेलं नाही. हवा-पेट्रोलचं प्रमाण नीट मोजणारा वाइडबँड सेन्सर पण कुठंच नाही, विचारलं होतं तेव्हा म्हणाला होता ओरिजिनल ओटू सेन्सरवर भागतं. नाही भागत! तो नॅरोबँड, लॅम्डा १, म्हणजे पेट्रोल पूर्ण जळेल एवढीच हवा, याच्या आसपासच खरं सांगतो, आणि बूस्टमध्ये तुम्हाला ०.८ च्या आसपास पाहिजे. त्यात आता आपल्या पंपांवर ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, मिळतं, त्याला पूर्ण जळायला लागणाऱ्या हवेचं प्रमाण १४.७ नाही, १३.५ च्या आसपास असतं, म्हणजे साध्या पेट्रोलसाठी बनवलेला परदेशातला मॅप तसाच टाकला तर इंजिन आपोआप लीन, म्हणजे पेट्रोल कमी पडून, चालतं.

म्हणून पैसे द्यायच्या आधी त्याला समोर बसवून कंपनीच्या सॉफ्टवेअरवर ईसीयू कनेक्ट करायला लावा, आणि फुल थ्रॉटलचा लॉग मागा, ज्याच्यात आरपीएम, बूस्ट, लॅम्डा, टायमिंग आणि नॉक सगळं एकत्र दिसेल. "मॅप माझी प्रॉपर्टी आहे, पासवर्ड देत नाही" म्हणाला तरी लॉग दाखवायला काय हरकत आहे त्याची? मला तो लॉग कधीच मिळाला नाही.

पैसे परत मागितल्यावर धमकी आली, तक्रार केलीस तर तुझीच गाडी आरटीओत अडकवतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आरसीवरच्या माहितीशी न जुळणारे बदल चालत नाहीत, ते खरंय, पण म्हणून बनावट माल ब्रँडेड सांगून विकायची सूट त्याला कोणी दिली? कित्येक जण या एका धमकीने गप्प बसलेत असं मला वाटतं. मी १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला नोंदवलं आणि साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज टाकलाय. तो पुण्याचा असला तरी २०१९च्या ग्राहक कायद्यात आपण राहतो तिथं तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंत फी नाही, मुदत २ वर्षं.

पैसे अजून आलेले नाहीत. ज्यांच्याकडं तो १७२-१९०चा ग्राफ आहे त्यांनी घाटात गाडी घालू नका, डबा फेकू नका, यूपीआयची पावती आणि व्हॉट्सअ‍ॅप चॅट डिलीट करू नका, आणि मला मेसेज करा. अर्ज एकत्र चालवता येतो का ते वकिलांना विचारतोय.