आठ महिने नजरेचा सराव: मुलीच्या वाचनात काय बदललं, काय नाही

मुलगी नऊ वर्षांची. वाचताना ओळ सुटायची, नजर त्याच शब्दावर पुन्हा पुन्हा जायची, आणि तिसऱ्या-चौथ्या ओळीला ती रडकुंडीला यायची. नजर नीट सरकत नाही म्हणून वाचन अडतं, असं सांगून आम्हाला संगणकावरचा सराव दिला गेला. पडद्यावर डावीकडून उजवीकडे आकडे उमटतात आणि पुसले जातात, ते मोठ्याने म्हणायचे. रोज वीस मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. पुस्तक वाचतानाही तिने मागे पाहू नये म्हणून वाचून झालेला भाग मी पुठ्ठ्याने झाकत असे.

दोन महिन्यांत आकडे झरझर यायला लागले. ओळीखाली बोट ठेवणंही सुटलं. आम्ही फार आनंदलो होतो.

चौथ्या महिन्यात तिला न पाहिलेला धडा दिला आणि मन खट्टू झालं. 'प्रकाश' दिसला की ती 'प्रवास' म्हणे. जोडाक्षर आलं की अडायची आणि पहिल्या अक्षरावरून अंदाज बांधायची. आकड्यांना हा त्रास नसतो, कारण ते तिला पाठच आहेत.

मग मी संशोधन वाचायला घेतलं. वाचताना नजर ओळीवरून सरकत नाही, उड्या मारते. प्रत्येक ठिकाणी साधारण पाव सेकंद थांबते, आणि सराईत वाचकाच्याही शंभरातल्या दहा-पंधरा उड्या मागे असतात. मजकूर अवघड असला की त्या वाढतात. म्हणजे मुलीची नजर मागे जात होती ती शब्द उलगडला नाही म्हणून. २०१४ च्या एका प्रयोगात वाचून झालेले शब्द झाकले, तेव्हा वाचकांचं आकलन घटलं. ते वाचल्यावर पुठ्ठा मी त्याच दिवशी टाकून दिला.

सरावाच्या बाजूनेही पुरावा आहे. २०१४ मध्येच शाळकरी मुलांच्या एका छोट्या अभ्यासात नजरेच्या सरावानंतर वाचनाचा ओघ सुधारलेला दिसला. पण अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञ आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्ये एकत्रितपणे स्पष्ट सांगितलं आहे की, डिस्लेक्सियावर, म्हणजे शब्द वाचण्यात सतत येणाऱ्या अडचणीवर, डोळ्यांचे व्यायाम हा सिद्ध झालेला उपचार नाही. दोन्ही डोळे जवळच्या वस्तूवर एकत्र आणण्यात अडचण असेल, तर गोष्ट वेगळी. त्या दोषावर दवाखान्यात करून घेतलेल्या व्यायामांचा उपयोग होतो. मात्र त्याच दोषाच्या ९ ते १४ वर्षांच्या ३११ मुलांवरच्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सोळा आठवड्यांनंतर आकलनातली सुधारणा नकली उपचार (तुलनेसाठी दिलेले, दिसायला तसेच पण त्या दोषावर काम न करणारे व्यायाम) घेतलेल्या मुलांपेक्षा जास्त निघाली नाही. म्हणून डोळे आधी तपासून घ्या. आमच्या मुलीच्या डोळ्यांत दोष नव्हता, आणि ते आम्ही सरावाआधी विचारायला हवं होतं.

सहाव्या महिन्यापासून वीसपैकी पंधरा मिनिटं आम्ही वाचनाला दिली. अवघड शब्द फोडायचा, त्यातले आवाज वेगळे म्हणायचे, जोडायचे, मग तोच उतारा तीन-चारदा मोठ्याने वाचायचा. मी शेजारी बसते, अडली की लगेच शब्द सांगत नाही, आधी पहिला आवाज सांगते. फरक इथे पडला. सराव अजून पाच मिनिटं चालतो, तिला आवडतो म्हणून.

परवा एक गोष्ट वाचताना ती मध्येच थांबली, "मगाशी तर तो घरी होता ना?" म्हणाली, आणि दोन ओळी मागे जाऊन बघून आली.