ओटीतले खण, आजीची इरकल आणि साडेपाच महिन्यांत आलेल्या तीन लॅम्पशेड

आधी हिशोब सांगते, कारण मी बत्तीस वर्षं बँकेत काढली आणि पुढची गोष्ट वाचायची की नाही हे लोक आकडा बघूनच ठरवतात. जुन्या कापडाच्या हाताने केलेल्या तीन लॅम्पशेड, कापड आपलं. मोठी गोल 1,400 रुपये, चुण्यांची 2,600, पलंगाशेजारची लहान 1,100. एकूण 5,100. चौथीची ऑर्डर शेड करणाऱ्या पोरीने घेतलीच नाही. त्यावर मी आठवडाभर रुसले होते. आता वाटतं, सगळ्यात चांगलं काम तिने तेच केलं.

दुकानाचं नाव लिहीत नाही. तिनेच सांगितलं, "काकू, नाव टाकू नका बघा, दिवाळीपर्यंतची वही भरलीय." बेळगावातल्यांना खूण पुरेल: कपिलेश्वरच्या पुलावरून शहापुरात उतरायचं आणि ज्याच्या सोप्यात, म्हणजे ओसरीत, तारेच्या चौकटी टांगलेल्या दिसतील ते घर शोधायचं. बोर्ड नाही. दारात चपला मोजून आत गिऱ्हाईक किती आहे ते कळतं.

मी गेले ते ट्रंक रिकामी करताना. आईच्या ट्रंकेत ओटीत आलेले खण होते, चाळीसेक तरी. वरचे अलीकडचे, म्हणजे पॉलिस्टरचे ब्लाउजपीस, ज्यांना आता आपण खण म्हणतो आणि जे एका ओटीतून दुसऱ्या ओटीत फिरत राहतात. तळाशी मात्र खरे, गुळेदगुड्ड गावात विणलेले सातआठ निघाले. वाइनच्या रंगाचे, बारीक नक्षीचे, दोन्ही बाजूंना काठ असलेले. त्यांच्याखाली आजीची नऊवारी इरकल, आणि सगळ्यात खाली आईच्या लग्नातली पैठणी, घडीवर उललेली. बोहारणीला द्यायचं तर एका पातेल्यावर सगळं जाईल, या भीतीने मी हे सगळं रिक्षात घालून शहापूर गाठलं.

पहिल्या भेटीत तिने टेप काढलाच नाही. सोप्याची खिडकी लावून घेतली, बल्ब लावला आणि एकेक कापड त्याच्यापुढे धरलं. अर्धा तास नुसतं हेच. मला वाटलं, पोरगी वेळ काढतेय. मग तिने पैठणीचा पदर धरला आणि मला दिसलं. दिवसा सोन्यासारखे चमकणारे मोर उजेड मागून आल्यावर काळे ठिक्कर पडले. जर म्हणजे शेवटी धातूच, त्यातून उजेड कसा येणार? रेशीम आधीच जाड आणि गडद, त्यात घडीच्या रेषांवर धागे तुटून उजेडाच्या चिरा पडलेल्या.

"ही मी कापत नाही," ती म्हणाली. "दिवा बंद असताना चांगली दिसेल, लावला की कोळसा. आणि आतल्या शीटला चिकटवली तर परत सुटायची नाही."

"अगं, पैसे मी देतेय ना?"

"द्या की. दुसऱ्या कशाचे द्या."

तिने पैठणी जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळून परत दिली आणि घडी दर दोन महिन्यांनी बदला म्हणून बजावलं. घडी बदलायची हे मला माझ्या आईने सांगितलं होतं. मी ते पंचवीस वर्षं केलं नव्हतं, हे त्या उललेल्या रेषा सांगतच होत्या.

आता खणाची शेड. ही बारा इंच व्यासाची, सरळ उभी, डब्यासारखी. बारा इंचाला घेर पावणेअडतीस इंच आणि वर अर्धा इंच जोडाचा, म्हणजे सव्वाअडतीस इंच कापड एकसलग लागतं. खणाला पन्हा, म्हणजे रुंदी, कमी. बहुतेक जण इथे जोड मागे लपवतात, पण दिवा लावल्यावर मागचा जोडही काळ्या रेघेसारखा दिसतोच. हिने दोन खण घेतले, दोन जोड समोरासमोर आणले आणि जोडावर खणाचाच काठ उभा ठेवला. त्यामुळे ती रेघ चुकल्यासारखी वाटत नाही, मुद्दाम ठेवल्यासारखी वाटते. आत अंगचाच गोंद असलेली प्लॅस्टिकची पांढरी शीट, तिच्यावर कापड हवेचा फुगा न राहता बसवायचं, मग वरखाली तारेची गोल कडी आणि कापडाची कड तिच्यावर गुंडाळून आत खोचायची. बघताना सोपं वाटतं. मी एक कड खोचून बघितली. ती तिने नंतर उसवून परत केली, मी निघायची वाट बघून. मला दारातून दिसलं.

दिवसा ही शेड गंभीर दिसते, एखाद्या सोवळ्यातल्या बाईसारखी. संध्याकाळी लावली की वाइनचा रंग डाळिंबाच्या दाण्यांवर येतो.

पण बल्बचं बघा. मी पहिल्या दिवशी घरातलाच पांढराफेक एलईडी लावला, खोक्यावर 6500 केल्विन लिहिलेला. खणाचा रंग शिळ्या बिटासारखा झाला. फोन केला तर ती हसली आणि 2700चा, नाहीतर फार तर 3000चा पिवळसर बल्ब आणायला सांगितलं. शेडच्या आत तिने सुतळीने एक चिठ्ठी बांधलेली असते: "फक्त एलईडी. 9 वॅटच्या वर नको." जुना साठ वॅटचा तारेचा बल्ब लावला तर शीट वाकडी होईल आणि कापड करपेल, हे बरोबरच आहे. मग बल्ब सोबत का देत नाही? हा माझा पहिला पाव गुण कापलेला.

दुसरा पाव कापला होल्डरवर. तिच्या चौकटीच्या मधल्या कडीचं भोक चाळीस मिलिमीटरचं, म्हणजे आट्यांच्या होल्डरचं. आपल्या जुन्या घरांतले दिवे पिनच्या होल्डरचे. माझा पितळी स्टँड वडिलांच्या वेळचा, त्यावर शेड नुसती घरंगळायची. ऑर्डर घेताना एक प्रश्न विचारला असता तर खडेबाजारातल्या दोन फेऱ्या आणि दीडशे रुपये वाचले असते. आता म्हणे विचारते.

इरकलीकडे येते. ही खरी गंमत.

आजीची साडी राखाडी-हिरवी, बारीक चौकडीची, सुती अंगाची आणि लाल रेशमी पदराची. इरकलीचा पदर वेगळा असतो, अंगाच्या ताण्याला (उभ्या धाग्यांना) पदराचा ताणा फासे घालून जोडलेला. विणकर त्याला कोंडी म्हणतात. बल्बपुढे धरल्यावर ती जोडाची ओळ मला पहिल्यांदाच नीट दिसली, आणि साठ वर्षं मी ही साडी बघत आलेय. पदराशेजारच्या पट्टीवर कशिदा होता, हत्ती, रथ आणि तुळशीवृंदावन. मी म्हटलं, सगळ्याची मिळून चुण्यांची एक मोठी शेड कर.

"चुण्यांत हत्ती मोडतील, काकू."

मग साडीचे दोन भाग झाले. कशिद्याचा सपाट भाग आठ इंचाच्या लहान शेडला. तिने कापड उलटं करून दाखवलं. धारवाडकडच्या कसुती नावाच्या कशिद्यात गवंती आणि मुरगी हे टाके दोन्ही बाजूंनी सारखे दिसतात, मागे गाठ नाही की लोंबता धागा नाही. म्हणूनच उजेडात हत्ती स्वच्छ येतो. जिथे नेगीचा भरीव टाका होता, तिथे मागच्या धाग्यांची सावली पडत होती. तो तुकडा तिने बाजूला काढला. मी कशिदा शाळेत शिकलेय, मार्कही चांगले होते, पण उलटी बाजू कोणाला दाखवायची असते असं कधी वाटलं नव्हतं.

अंगाच्या कापडाची झाली चुण्यांची शेड. तिच्यात चिकटवणं नाही, सगळी सुई. तारेच्या चौकटीला आधी सुती फीत गुंडाळायची, कारण टाका तारेला बसत नाही, फितीला बसतो. मग चुण्या. खालचा व्यास चौदा इंच, म्हणजे घेर चव्वेचाळीस, आणि चुण्यांना घेराच्या अडीचपट कापड. नऊ वारातले तीन वार त्यातच गेले. दोन दिवस लागतात म्हणते. मी मोजलेल्या चुण्या एकशे बत्तीस. (निवृत्त माणसाला वेळ असतो.)

ही शेड लावली की डावीकडे खाली एक पट्टा जास्त उजळतो. मला वाटलं, कापड सरकलंय की काय. नाही. तिथे साडी विरलेली आहे. आजी विळीवर बसायची तेव्हा मांडीखाली जो भाग घासला जायचा तो. "दुसरं कापड लावून झाकू का?" असं तिने आधी विचारलं होतं. मी नको म्हटलं. माझी सून म्हणते डाग वाटतो. वाटू दे.

आता तक्रारी, कारण नुसतं कौतुक करायला मी तिची मावशी नाही.

उशीर. दीड महिना सांगून साडेपाच महिने. त्यातले तीन पावसाचे. आपल्याकडच्या पावसात भिंतींना बुरशी येते तिथे चिकटवलेल्या कापडाचं काय. खणाची शेड तिने जूनच्या शेवटी दिली आणि जुलैत एका जोडाची कड सुटून वर आली. परत नेली तर काही न बोलता ठेवून घेतली, ऑक्टोबरात नवीन शीटवर करून दिली, पैसे घेतले नाहीत. त्या एका शेडमुळे तिने नियम केलाय की जून ते सप्टेंबर चिकटवायचं काम बंद, फक्त शिवणकाम. नियम चांगला आहे. माझ्या शेडवर शिकली एवढंच.

वास. कोणी सांगत नाही म्हणून लिहिते. ट्रंकेतल्या साडीला डांबरगोळ्यांचा वास मुरलेला असतो आणि बल्बची थोडीशी ऊब लागली की तो खोलीभर सुटतो. पहिले तीन आठवडे माझ्या झोपायच्या खोलीत आमच्या जुन्या माळ्यावर झोपल्यासारखं वाटत होतं. तिने रिठ्यात धुवून, सावलीत आठवडाभर वाळवूनही. आता वास गेलाय. थोडी चुकचुकले, पण ते असो.

पावती. वहीच्या पानावर, पेन्सिलीने. माझ्यासारखीला हे बघवत नाही. तिथेच बसून मी तिचा खर्च काढला. मोठ्या शेडची चौकट 220, उद्यमबागेतल्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून. तो दिवसभर मशिनचे भाग करतो आणि हिच्या कड्या मधल्या वेळात. पन्नास नगांच्या खाली हात लावत नाही, म्हणून पैसे अडकून बसतात. शिवाय चौकटीला पावडर कोटिंग हवंच, नाहीतर गंज कापडावर उतरतो. सुरुवातीच्या काही शेड अशाच परत आल्या होत्या, त्यातली एक तिने घरातच टांगून ठेवलीय, स्वतःला दिसावी म्हणून. शीट 180. फीत-लेस 60. शेजारच्या बाईची मजुरी 300. खोकं 90. झाले 850. 1,400 मधले राहिले 550, आणि त्यात तिचा स्वतःचा अख्खा दिवस, कापड धुणं, आणि माझ्यासारख्या गिऱ्हाइकाला बल्बपुढे उभं करून ठेवलेला अर्धा तास धरलेलाच नाही. त्यात फिरवायचं भांडवल चौकटींत अडकलेलं. कर्जाची फाइल म्हणून माझ्या टेबलावर आली असती तर मी दर वाढवा असं लिहून परत पाठवली असती. तिला तोंडावर सांगितलं. म्हणाली, "वाढवतो की, पण शहापुरात दोन हजारांची शेड कोण घेणार? पुण्याची माणसं घेतात, पण कुरिअरमध्ये कडी वाकते." म्हणून पुण्याच्या ऑर्डरी ती ओळखीच्या माणसाबरोबर रेल्वेने पाठवते, मांडीवर ठेवून.

तुमच्याकडे जुनं कापड नसेल तर तिच्याकडचं मिळतं, मोठ्या शेडला पाचशे जास्त. ती बोहारणींकडून घेते. जरीच्या साड्या तिच्यापर्यंत येतच नाहीत, त्या जर वितळवणाऱ्यांकडे जातात, आणि तिला त्या नकोच असतात. सुती, विरलेल्या, काठ सुटलेल्या साड्या हव्यात. कच्चा रंग ओळखायला ओला पांढरा रुमाल घासून बघते. रुमालावर रंग आला की साडी बाजूला.

पाचपैकी चार देते. बल्ब आणि होल्डर मिळून अर्धा, उशिराचा अर्धा.

जायचं असेल तर संध्याकाळी पाचनंतर जा, त्याआधी ती पोराला शाळेतून आणायला गेलेली असते. आपला दिव्याचा स्टँड सोबत न्या. आणि साडीला इस्त्री करून नेऊ नका, घडीच्या रेषा इस्त्रीने तुटतात म्हणून ओरडा बसतो. मला बसला.