१९७२ चा संप घ्यावा की १९८४-८५ चा?

ब्रिटनमधल्या खाणकामगारांवर पेपर लिहायचाय पण संप कुठला घेऊ, असं एकीने विचारलंय.

कोळशाचा साठा बघ आधी, सगळं तिथेच ठरलं. १९७२ ला ऐन जानेवारीत संप, वीज जायला लागली, बर्मिंगहॅमच्या सॉल्टली इथल्या कोक (कोळशापासून बनलेलं इंधन) डेपोवर हजारो इंजिनिअरिंग कामगार मदतीला आले नि पोलिसांना गेट बंद करावं लागलं, पंतप्रधान हीथ यांचं सरकार नमलं. १९८४ ला पंतप्रधान थॅचरबाईंनी साठा आधीच भरून ठेवलेला, संपही मार्चमध्ये, थंडी सरताना.

एकजूट? पहिल्यात संप करायचा का यावर कामगारांचं मतदान झालेलं. दुसऱ्यात खाणकामगार युनियनचे अध्यक्ष स्कारगिलनी देशभर मतदान घेतलंच नाही, नॉटिंगहॅमशायर या खाणींच्या भागातले बरेच जण कामावर जात राहिले, हे मला फार लागतं. वर्षभर उपाशीपोटी लढून माणसं करार न होताच परतली.

युनियनची ताकद दाखवायचीय तर १९७२, ती कशी मोडली हे लिहायचंय तर १९८४-८५ घे.