म्हैस भादरायची: वस्तऱ्यानं की मशीननं?

दिवाळी पाडवा आठ दिवसांवर आला की कोल्हापूरच्या गवळी गल्ल्यांत भादरणाऱ्याला जेवायला उसंत नसते. सगरात, म्हणजे सजवलेल्या म्हशी मिरवायच्या सणात, म्हैस न्यायची तर अंग कसं काळंभोर, तुकतुकीत पाहिजे. त्यावर रंगवलेली शिंगं, कवड्यांच्या माळा, मोरपिसं. पुढं थंडीत कृषी प्रदर्शनं सुरू होतात आणि पहिल्यांदाच जनावर उतरवणारा हमखास विचारतो, ‘वस्तरा बरा का मशीन?’ मी त्याला उलट विचारतो, ‘दिवस किती राहिलेत? आणि म्हैस अंगाला हात लावू देती का?’

वस्तऱ्याला ओलं अंग लागतं, मशीनला कोरडं. अर्ध्या भानगडी इथंच होतात. वस्तऱ्यानं करायचं तर म्हैस चांगली भिजवून, साबणाचा फेस चोळून केस मऊ करायचे. मशीनच्या आदल्या दिवशी मात्र धुऊन, खरारा करून, केसांच्या मुळातलं शेण-माती काढून जनावर पार वाळू द्यायचं. हे मी एकदा अंगावर घेतलंय. आमची रेडी सकाळी धुतली आणि तासाभरात मशीन लावलं. पोटाखाली ओल होती, मांडीवर वाळलेल्या शेणाच्या गुठळ्या. पातं केस कापायच्या ऐवजी ओढायला लागलं, बघता बघता तापलं, आणि रेडीनं दावं तोडलं. अर्धी बाजू भादरलेली, अर्धी केसाळ, अशी ती दोन दिवस गोठ्यात उभी. येणारा-जाणारा हसून जायचा.

वस्तऱ्याची चकाकी मशीनला येत नाही, हे कबूल करायला पाहिजे. उन्हानं करपून तांबूस झालेले केस मुळापासून जातात आणि खालची काळी कातडी उघडी पडते. तेलाचा हात फिरवला की आरसा. पण ही चकाकी दोन-तीन दिवसांची. मग कोंडा दिसतो, खुंट टोचायला लागतात. आणि कापायची भीती असतेच. पुठ्ठ्याचं हाड, बरगड्या, मानेच्या घड्या इथं हात जरा हलला की रक्त. काळ्या कातडीवर बारीक ओरखडाही लांबून दिसतो. त्यावर माशी बसली तर आसडी, म्हणजे अळ्या, पडायला वेळ लागत नाही. पावसाळ्यात तर नकोच. त्यात वस्तरेवाला एकाच पात्यानं दहा गोठे फिरून आलेला असतो. चामखीळ आणि गजकर्ण या दोन्ही गोष्टी अशा हत्यारांवरून पसरतात. पातं नवं, आपल्यासमोर बसवलेलं पाहिजे. तसं मागायला लाजू नका.

मशीन दोन-तीन मिलिमीटर केस ठेवतं. त्यामुळं त्याच दिवशी बघितलं तर पट्टे दिसतात, लोक नाव ठेवतात. पाच-सहा दिवस जाऊ द्या, पट्टे आपोआप मिटतात आणि अंगाला मखमलीसारखा एकसारखा काळेपणा येतो. म्हणून मशीनचं काम आठवडाभर आधी उरकायचं, वस्तऱ्याचं दोन दिवस आधी. आदल्या रात्री काहीच करायचं नाही. पाठीवर केस राखून नाव किंवा नक्षी काढायची असेल तर मशीनला पर्याय नाही. हवं तर कडा तेवढ्या वस्तऱ्यानं साफ कराव्यात. कासेवरचे केस तर फक्त मशीननंच काढावेत. सडांजवळ वस्तरा नेणाऱ्याला मी गोठ्यातही घेत नाही.

दाढीचं घरगुती मशीन म्हशीवर टिकत नाही, जनावरांचंच घ्या. दर पाच-दहा मिनिटांनी पात्याला तेल द्या आणि पातं आपल्या मनगटाला लावून बघा. आपल्याला चटका बसला तर तिलाही बसणार. वायरचं मशीन आणि ओली फरशी एकत्र येऊ देऊ नका. चार्जिंगचं असेल तर ही काळजी मिटते. आवाजाला बुजणारी म्हैस असेल तर आधीचे चार दिवस धारेच्या वेळी मशीन नुसतं जवळ चालू ठेवा, मग बंद मशीन अंगावरून फिरवा. एवढं करूनही ती लाथ झाडत असेल, तर वस्तरा तिच्यासाठी नाहीच.

परदेशात याच्या उलट चालतं, बघून गंमत वाटते. अमेरिकेत मांसासाठी वाढवलेल्या जनावरांचे केस महिनोन् महिने रोज धुऊन, गार वाऱ्याच्या यंत्रानं वाळवून, पुढं-वर विंचरून उभे राहायला शिकवतात, म्हणजे जनावर भरदार दिसतं. टेक्सासमधल्या काही मोठ्या प्रदर्शनांत मात्र केस पाव इंचाच्या आत कापायचा नियम आहे, म्हणजे परीक्षकाला अंग दिसावं. आपल्या म्हशीला मुळात केसच विरळ, त्यामुळं लपवायला काही उरत नाही.

दोन्हींत एक सारखं: शेपटीच्या गोंड्याला हात लावायचा नाही. पंढरपुरी जातीच्या म्हशीचा पांढरा गोंडा शोभेचा तर आहेच, माश्या हाकायलाही तोच. भादरल्यावर आठवडाभर सावली हवी. म्हशीला घाम फार कमी येतो, त्यात केस गेले की ऊन थेट कातडीला लागतं. तेल संध्याकाळी, पातळ हातानं लावा. भर उन्हात तेल लावलेली म्हैस तापून धापा टाकते. कडाक्याची थंडी असेल किंवा म्हैस शेवटच्या महिन्यात गाभण असेल तर दोन्ही राहू दे, खरारा पुरे.

मला विचाराल तर प्रदर्शनाला मशीन. परीक्षक हात फिरवून कातडी बघतो, कास बघतो, चालवून बघतो; तिथं ओरखडा महागात पडतो आणि चकाकीला फार किंमत नाही. सगराला, गर्दीत, वस्तराच शोभतो, पण हात ओळखीचा पाहिजे. आमच्याकडं येणारा म्हातारा आधी अर्धा तास म्हशीच्या मानेखाली खाजवत बसतो. तिनं डोळे मिटले की मग पातं उघडतो.