पोस्टग्रेसचं सर्व्हर-डेव्ह पॅकेज: आठ महिने वापरल्यानंतर

लातूर-नांदेडकडच्या आडतीच्या नोंदींत वजन कुणी देवनागरी अंकांत टाकतं, कुणी इंग्रजी अंकांत. दोन्ही एका साच्यात आणणारं सी भाषेतलं छोटं एक्स्टेन्शन (डेटाबेसला जोडायचा जादा भाग) बांधायचं तर पोस्टग्रेस या डेटाबेसच्या सर्व्हर-हेडर फाइली (सर्व्हरच्या आतल्या फंक्शनांची ओळख देणाऱ्या) हव्यात. उबंटू २४.०४ वर त्या ‘पोस्टग्रेसक्यूएल-सर्व्हर-डेव्ह-१६’ मध्ये मिळतात. पॅकेज उत्तम बांधलंय, पण आवृत्ती जुळवायचं काम बांधणाऱ्याचंच आहे आणि नव्वद टक्के डोकेदुखी तिथूनच सुरू होते.

पहिला घोळ नावाचा. ‘लिबपीक्यू-डेव्ह’ मध्ये फक्त क्लायंटची, म्हणजे सर्व्हरशी बोलणाऱ्या प्रोग्रामची, हेडर्स असतात. तेवढंच टाकून मेक (बांधणीचं टूल) चालवलं की बांधणी अडते; सर्व्हर-डेव्हच टाकावं लागतं. इथे इंटरनेटवरून सुटी हेडर फाइल आणून चिकटवू नका. मेकफाइलला पीजीएक्सएस (एक्स्टेन्शन बांधायचे तयार नियम) लागतं आणि तेही याच पॅकेजात आहे.

दुसरा घोळ जास्त वेळ खातो. पोस्टग्रेस प्रकल्पाची पीजीडीजी ही पॅकेजांची रेपॉझिटरी जोडली आणि १६ सोबत १७ चंही डेव्ह पॅकेज आलं, की साधा पीजी-कॉन्फिग (पोस्टग्रेसच्या फाइली कुठे आहेत ते सांगणारी कमांड) सगळ्यात नव्या आवृत्तीकडे बोट दाखवतो. बांधणी बिनबोभाट होते, फाइली १७ च्या फोल्डरात जातात आणि १६ वर ‘क्रिएट एक्स्टेन्शन’ म्हटलं की कंट्रोल फाइल (एक्स्टेन्शनची माहिती देणारी) सापडत नाही. एसओ फाइल (बांधून तयार झालेली लायब्ररी) हाताने उचलून १६ मध्ये ठेवली तर ‘इनकम्पॅटिबल लायब्ररी’. ही एरर शत्रू नाही. मॉड्यूल मॅजिकची, म्हणजे एक्स्टेन्शनमधल्या आवृत्तीच्या खुणेची, ती राखण आहे, नाहीतर सर्व्हरच कोसळला असता. उपाय: मेक आणि मेक इन्स्टॉल, दोन्ही वेळी ‘पीजी_कॉन्फिग=’ पुढे १६ च्या बिन फोल्डरातल्या पीजी-कॉन्फिगचा पूर्ण पाथ द्या. एक्सपोर्ट करून ठेवलेली किंमत सुडो सहसा पुढे नेत नाही, म्हणून ती मेकच्या ओळीतच लिहा.

मॅजिकची राखण फक्त मोठ्या आवृत्तीपुरती, हेही पक्कं ध्यानात ठेवा. १४ नोव्हेंबर २०२४ च्या १६.५ आणि १७.१ मध्ये ‘रिझल्ट-रेल-इन्फो’ या सर्व्हरच्या आतल्या स्ट्रक्टचा (माहितीच्या साच्याचा) आकार वाढला आणि त्याच्यावर विसंबलेली काही एक्स्टेन्शन्स अडचणीत आली. २१ नोव्हेंबरला १६.६ आणि १७.२ काढून दुरुस्ती करावी लागली. आपलं फंक्शन नुसतं टेक्स्ट घेत-देत असेल तर धोका कमी. एक्झिक्युटरला (क्वेरी चालवणाऱ्या भागाला) हात घालत असाल तर प्रत्येक अपडेटनंतर पुन्हा बांधून तपासा.

कोडमधलं एक: ‘पोस्टग्रेस.एच’ नेहमी सगळ्यात आधी. देवनागरी अंक यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचा असतो. पहिले दोन दहाही अंकांना सारखेच, तिसरा ओळीने वाढत जातो. त्यातून शून्याचा तिसरा बाइट वजा केला की आकडा हाती येतो. लांबी मात्र सी मधल्या स्ट्रलेन फंक्शनने मोजू नका. टेक्स्टच्या शेवटी शून्य-बाइट नसतो, त्यामुळे मोजणी शेजारच्या मेमरीत घुसते. ‘व्हारसाइझ-एनी-एक्सएचडीआर’ हा मॅक्रो वापरा.

क्लँग आणि एलएलव्हीएम ही कंपायलरची साधनं सोबत येत असल्याने डाउनलोड जड आहे. तालुक्याच्या ठिकाणी नेट रडतं, तेव्हा तेच उबंटू असलेल्या शहरातल्या मशिनवर ‘डाउनलोड-ओन्ली’ करा आणि व्हार/कॅशे/एपीटी/आर्काइव्ह्ज मधल्या डेब फाइली पेन ड्राइव्हवर घेऊन जा. मात्र तिथे आधीच बसलेली पॅकेजं त्यात उतरत नाहीत, म्हणून मशिन शक्यतो कोरं घ्या. बसवताना मधेच लाइट गेली तर परत आल्यावर आधी ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’.

रॉकी लिनक्स ९ वर सोय कमी. ‘पोस्टग्रेसक्यूएल१६-डेव्हेल’ ला पर्लचं आयपीसी-रन मॉड्यूल लागतं, त्यासाठी सीआरबी ही जादा पॅकेजांची रेपॉझिटरी चालू करावी लागते. क्लँग सापडत नाही म्हणून मेक अडलं तर ‘विथ_एलएलव्हीएम=नो’ देऊन बिटकोड (वेगासाठीची एलएलव्हीएमची जादा फाइल) वगळा; फंक्शन व्यवस्थित चालतं.

चालू सर्व्हरवर हे पॅकेज टाकायची गरज नाही. तिथे एसओ, कंट्रोल आणि एसक्यूएल या तीनच फाइली न्या. बांधणीचं मशिन आणि सर्व्हर यांचं प्रोसेसर आर्किटेक्चर, उबंटूची आवृत्ती आणि पोस्टग्रेसची मोठी आवृत्ती एकच ठेवा.