फोर्साइथची सीडी, सात महिने आणि एक माऊस

गेल्या शनिवारी नाचाच्या वर्गाच्या ऐन मध्यात सीडी लॅपटॉपच्या ड्राइव्हमध्ये अडकली, म्हणून हे लिहायला बसले. नाहीतर आणखी सहा महिने तरी लिहिलं नसतं.

सीडी म्हणजे अमेरिकन नृत्यदिग्दर्शक विल्यम फोर्साइथची ‘इम्प्रोव्हायझेशन टेक्नॉलॉजीज’, आयत्या वेळी स्वतःच्या मनाने नाचायचं कसं ते दाखवणारी. जर्मनीतल्या कार्ल्सरूहच्या झेडकेएम या कला-माध्यम केंद्राने 1999 साली काढलेली. त्याच्या बॅले फ्रँकफर्ट या नृत्यसंस्थेत नव्याने येणाऱ्या नर्तकांना त्याची पद्धत कळावी म्हणून मुळात हा सगळा खटाटोप झाला होता, बाजारात ती नंतर आली. मला मिळाली इथे जर्मनीत, माइन नदीकाठच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात, बारा युरोंना. रुपये काढायला शंभराने गुणायची सवय इतक्या वर्षांनीही गेलेली नाही, त्यामुळे दहा मिनिटं हातात धरून उभी होते. त्यात आजच्या लॅपटॉपवर ती चालत नाही, म्हणजे विंडोज एक्सपीवाल्या जुन्या लॅपटॉपचं धूड आणखी पस्तीस युरोंना. घरी फक्त बाराचाच आकडा सांगितला.

माझ्या वर्गात सहा जणी. सगळ्या भरतनाट्यम शिकलेल्या, दोघींचं अरंगेत्रम, म्हणजे रंगमंचावरचं पहिलं पूर्ण सादरीकरणसुद्धा झालेलं. ‘आता स्वतःच्या मनाने नाचा’ म्हटलं की सहाही जणी दोन अडवू (पायाभूत हालचाली) जोडतात, हाताचं एक अलपद्म फुलवतात आणि माझ्याकडे बघत उभ्या राहतात. त्यांना दोष कसा देऊ? मीही तेच केलं असतं.

इथे सीडी कामाला आली. फोर्साइथ हवेत दोन बोटांनी दोन बिंदू धरतो, आणि पडद्यावर त्यांच्यामध्ये पांढरी रेघ उमटते. हात निघून जातो, रेघ तिथेच राहते. मग तो ती दुमडतो, खाली सोडतो, कोपराने दुसरीकडे नेतो, नाहीतर तिला अंग लागू न देता तिच्याभोवतीने जातो. ‘मनातलं व्यक्त करा’ असं तो म्हणत नाही. या रेघेचं काय करायचं ते कर, एवढंच काम. आमच्या मुलींना हे पटकन जमलं. हात कुठून कुठे जातो याचा हिशोब त्यांच्या अंगात लहानपणापासून मुरलेला आहे.

अडलं ते पुढे. हालचालींचा अभ्यासक रुडॉल्फ लाबान याच्या कल्पनेत शरीराभोवती एक घन आहे, सत्तावीस बिंदूंचा, आणि त्याचं केंद्र शरीराच्या मध्यात. फोर्साइथ ते केंद्र उचलून कुठेही ठेवतो: गुडघ्यात, कानात, टाचेत. आणि आमचं सगळं आयुष्य अरमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वाकवून अर्धं बसून, मधली रेषा सांभाळण्यात गेलेलं! कंबर जरा सरकली की बाईंची काठी पाटावर वाजायची. एकीने खांद्याच्या फऱ्यात केंद्र धरून बघितलं आणि सरळ कोलमडली. उठली ती हसतच, आणि त्या पडण्यात दोन हालचाली अशा होत्या की त्या अडवूच्या कुठल्याच वहीत नाहीत. ते बघून पस्तीस युरो फिटले.

आता माऊस. ही वस्तू करताना माणूस खुर्चीत बसून बघेल असं गृहीत धरलेलं दिसतं. पण नाचणारा माणूस जमिनीवर असतो! क्लिपा छोट्या. जरा अंगात येतंय तोवर संपली. पुन्हा बघायची तर उठा, टेबलापर्यंत पळा, घामट बोटाने क्लिक करा, परत पळा. एका वर्गात मी मोजलं, एकेचाळीस फेऱ्या. नऊ युरोंचा बिनवायरचा माऊस आणून कमरेला ओढणीत खोचला, तर मी वाकले की पडद्यावरचा बाण सैरावैरा. मुली धडा बघायचा सोडून बाणाकडे बघून खिदळायच्या. शेवटी वही जमिनीवर ठेवून तिच्यावर माऊस, आणि क्लिक पायाच्या अंगठ्याने. सात महिन्यांत माझं सगळ्यात वाढलेलं कौशल्य कुठलं, तर हे.

पहिले तीन महिने माझं मत असं होतं की ही सीडी म्हणजे महागडं यूट्यूब. यातल्या बऱ्याच क्लिपा तिथे फुकट दिसतात, नवऱ्याने लगेच दाखवूनही दिल्या. मीही अडवू शिकवावेत तशी क्रमाने घेत होते, पहिला धडा, दुसरा धडा. ते मत आता मागे घेते. फोर्साइथच्या सूचनेवरून एका क्लिकमध्ये त्याच्या नर्तकांच्या नाचाकडे जाता येतं. त्यांत क्रिस्टल पाइट आहे, आज जिची स्वतःची कंपनी आहे ती. सूचना तीच, पण प्रत्येक अंगात तिचं भलतंच काहीतरी होतं. ‘ताई, मग बरोबर कोणाचं?’ असं एकीने विचारलं. त्या दिवसापासून मी क्रम सोडून दिला. यूट्यूबवर सुट्या क्लिपा मिळतात, ही ये-जा मिळत नाही.

तालाबाबत मात्र फारसं हाती लागत नाही. मिश्र चापूत, म्हणजे सात मात्रांच्या तालात, रेघ कशी दुमडायची ते आमचं आम्हीच शोधतोय.

तर अडकलेली सीडी. दुरुस्तीच्या दुकानात नुसतं बघायचे पंचवीस युरो, तेही आगाऊ. दोन दिवसांनी उत्तर आलं की ड्राइव्ह बदलावा लागेल, त्याचे साठ, आणि आतल्या सीडीची जबाबदारी आमची नाही. मी म्हटलं, सीडीसाठीच तर आलेय. तो म्हणाला, नवीन लॅपटॉप घ्या. तणतणत घरी आणला. ड्राइव्हच्या तोंडावर एक बारीक भोक असतं, मशीन बंद करून त्यात टोकदार काहीतरी सरळ दाबलं की ट्रे बाहेर येतो, हे मला तेव्हाच कळलं. घुंगरं ओवायची सुई घातली. खट्! सीडीवर ओरखडासुद्धा नाही.

पंचवीस युरो परत मागायला गेले होते. दिले नाहीत. ट्रे आता आपला आपण उघडतो, म्हणून त्याला वेणीचं रबर लावलंय, आणि सुई लॅपटॉपच्या पिशवीतच ठेवलीय.