इंदिरा गांधी की मार्गारेट थॅचर? प्रबंधासाठी एकीलाच निवडायचं असेल तर

दर वर्षी जुलै उजाडला की एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाची मुलं-मुली प्रबंधाचा विषय ठरवायला येतात. त्यात दोघी-तिघी तरी असतातच ज्यांना एखाद्या बाई नेत्याच्या आर्थिक धोरणावर लिहायचं असतं. मग प्रश्न ठरलेला: "मॅडम, इंदिरा गांधी घेऊ की थॅचर?" दोघींना एकाच प्रबंधात कोंबू नका, हे मी पहिल्याच भेटीत सांगते. ऐंशी पानांत दोन्ही अर्धवट राहतात. एक निवडा. ती कशी निवडायची, हे इथे जरा सविस्तर लिहिते.

सुरुवातीलाच एक मोठा फरक लक्षात घ्या. थॅचर ब्रिटनच्या पंतप्रधान झाल्या तेव्हा विचार तयार होते, निर्णय पुढे घ्यायचे होते. इंदिराबाईंचं उलटं. त्यांचे निर्णय आधी झाले, प्रसंगाच्या रेट्याने झाले, आणि त्यांच्याभोवती विचार नंतर उभा राहिला. म्हणून थॅचर यांच्यावर लिहिणं सोपं, इंदिरा गांधींवर लिहिणं अवघड. सोपं म्हणजे कमी प्रतीचं नव्हे. पण तुमच्या हाताशी वेळ किती आहे, यावर निवड बरीचशी ठरते.

दोघी ऑक्सफर्डच्या एकाच सॉमरव्हिल कॉलेजात शिकलेल्या. पण घरं किती वेगळी! इंदिरा गांधींचं बालपण अलाहाबादच्या आनंद भवनात गेलं, जिथे स्वातंत्र्यलढ्याच्या बैठका व्हायच्या आणि वडील वारंवार तुरुंगात असायचे. थॅचर इंग्लंडमधल्या ग्रँथम गावी किराणा दुकानावरच्या माडीवर वाढल्या. वडील दुकानदार, गावचे नगरसेवक, पुढे महापौर. जमेपेक्षा खर्च जास्त नको, उधारी वाढू देऊ नये, हे त्या वडिलांच्या गल्ल्यावर शिकल्या आणि देशाचा अर्थसंकल्पही तसाच असावा असं जाहीरपणे म्हणत राहिल्या. देश म्हणजे दुकान नव्हे, हा त्यावरचा आक्षेप रास्त आहे. तरी त्यांचा विचार कुठून येतो ते एका ओळीत कळतं. इंदिराबाईंबाबत अशी एक ओळ मला अजून सापडलेली नाही.

दोघींच्या राजकारणातल्या चढणीबद्दल फार लिहू नका, ते सगळीकडे मिळतं. इंदिरा गांधी १९५९ मध्ये काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या, १९६४ मध्ये शास्त्रीजींच्या मंत्रिमंडळात माहिती व नभोवाणी खात्याच्या मंत्री, आणि जानेवारी १९६६ मध्ये पंतप्रधान. थॅचर १९५९ मध्येच फिंचली मतदारसंघातून संसदेवर निवडून आल्या, १९७० ते ७४ शिक्षणमंत्री, १९७५ मध्ये पक्षाच्या नेत्या, मे १९७९ मध्ये पंतप्रधान. एकीला पक्षातल्या ज्येष्ठांनी "आपल्या मुठीत राहील" म्हणून आणलं. दुसरीने आपल्याच पक्षाच्या माजी पंतप्रधानांविरुद्ध निवडणूक लढवून नेतेपद घेतलं. प्रबंधाला यातला एवढा फरक पुरतो.

आता मुद्द्याचं. इंदिरा गांधींवर लिहिणाऱ्या बहुतेक मुली १९६९ पासून सुरुवात करतात. माझा आग्रह असतो, १९६६ पासून करा. सलग दोन वर्षं दुष्काळ, अमेरिकेच्या गव्हाच्या जहाजांवर देश तगलेला, आणि पंतप्रधान होऊन पाच महिनेही झाले नव्हते तेव्हा, ६ जून १९६६ ला त्यांनी रुपयाचं अवमूल्यन केलं. डॉलरला ४.७६ रुपये पडत होते, ते ७.५० पडू लागले. बदल्यात बाहेरून मदत येईल असा भरवसा होता. अपेक्षेएवढी ती आली नाही. घरात टीका झाली, तेव्हाचे काँग्रेस अध्यक्ष कामराज यांच्यासारखे ज्येष्ठ नाराज झाले. बाजाराच्या बाजूने टाकलेलं त्यांचं पहिलं मोठं पाऊल असं अंगाशी आलं. त्यानंतर त्या डावीकडे वळल्या, त्याचं मूळ मी १९६६ च्या त्या उन्हाळ्यात शोधते. पुस्तकी समाजवादात ते तेवढं सापडत नाही.

पुढचं १९६९ चं नाट्य तुम्हाला माहीत असेल. जुलैत बंगळूरच्या काँग्रेस अधिवेशनाला त्यांनी आर्थिक धोरणावरचं टिपण पाठवलं, काही दिवसांतच मोरारजी देसाईंकडून अर्थखातं काढून घेतलं, आणि १९ जुलैला वटहुकूम काढून ५० कोटींहून जास्त ठेवी असलेल्या १४ बँका सरकारच्या ताब्यात घेतल्या. आपली बँक ऑफ महाराष्ट्र त्यातलीच. हंगामी राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांनी त्यावर सही केली आणि लगेच स्वतः राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवायला राजीनामा दिला. म्हणजे निर्णय राजकीयही होता, हे लपवू नका. पण "फक्त राजकीय" असं लिहून पुढे जाऊ नका.

माझ्या आजोबांचं पासबुक अजून आमच्या पत्र्याच्या ट्रंकेत आहे. खाकी पुठ्ठ्याचं, कडा उंदराने कुरतडलेलं. पहिली नोंद १९७३ ची, पाच रुपये. सहीच्या जागी अंगठा. त्याआधी त्यांचा सगळा हिशोब सावकाराच्या चोपडीत होता आणि ती चोपडी त्यांना वाचता येत नव्हती. पासबुकही वाचता येत नव्हतंच, पण ते घरी आणता येत होतं, शाळेत जाणाऱ्या माझ्या वडिलांना वाचायला देता येत होतं. हा फरक आकडेवारीत दिसत नाही. आकडेवारीत दिसतं ते हे: १९६९ मध्ये देशात व्यापारी बँकांच्या सुमारे ८ हजार शाखा होत्या, १९९० पर्यंत त्या ६० हजारांच्या जवळ गेल्या, आणि नव्या शाखांत ग्रामीण शाखांचा वाटा मोठा होता.

दुसरी बाजूही त्याच ट्रंकेत आहे. ऐंशीच्या दशकात एका सरकारी योजनेतून आजोबांना म्हशीसाठी कर्ज मिळालं. म्हैस कागदावरची किंमत कधीच दाखवू शकली नाही, अनुदानातला हिस्सा मधल्या माणसाने खाल्ला आणि थकबाकीच्या नोटिसा घरी आल्या. बँक गावात आणणं आणि बँक नीट चालवणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं झालं, दुसरं पुष्कळ ठिकाणी झालं नाही. तुमच्या प्रबंधात दोन्ही हवं.

थॅचर यांच्याकडे याच्या तोलाचं काही असेल तर ते घर. १९८० च्या गृहनिर्माण कायद्याने नगरपालिकेच्या घरात किमान तीन वर्षं भाड्याने राहणाऱ्याला तेच घर विकत घेण्याचा हक्क मिळाला, किमतीत ३३ टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत सवलत. दहा वर्षांत दहा लाखांहून अधिक घरं विकली गेली. एकसारख्या दारांच्या ओळीत मधूनच एखादं दार वेगळ्या रंगाचं दिसू लागलं की लोक ओळखायचे, यांनी घर घेतलं. ज्याला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं दार रंगवता आलं त्याला हे धोरण समजावून सांगावं लागलं नाही. मात्र विक्रीचा पैसा नवी घरं बांधायला वापरण्यावर नगरपालिकांना कडक मर्यादा होती. जी घरं गेली ती भरून निघाली नाहीत, आणि पुढच्या पिढीच्या भाडेकरूंना त्याची झळ बसली.

पासबुक आणि दार या दोन वस्तू समोर ठेवून बघा. दोन्हीकडे सामान्य माणसाच्या हातात काहीतरी आलं. एकीने ते खासगी मालकी काढून घेऊन दिलं, दुसरीने सरकारी मालकी मोडून. तुम्हाला यातल्या कोणत्या प्रश्नाने झोप लागत नाही, तो विषय तुमचा.

करांचा भाग छोटा पण मजकुराने भरलेला आहे. १९७३-७४ मध्ये आपल्याकडे प्राप्तिकराचा सर्वांत वरचा दर अधिभारासह ९७.७५ टक्के होता. ब्रिटनमध्ये त्याच दशकात गुंतवणुकीच्या उत्पन्नावर तो ९८ टक्क्यांपर्यंत जायचा. थॅचर यांनी आल्याबरोबर कमाईवरचा वरचा दर ८३ वरून ६० वर आणला, १९८८ मध्ये ४० वर. पण त्याच पहिल्या अर्थसंकल्पात मूल्यवर्धित कर ८ वरून १५ टक्के केला, म्हणजे ओझं गरिबाच्या खरेदीवरही सरकलं. इंदिराबाईंनी स्वतःच १९७४-७५ मध्ये आपल्याकडचा दर ७७ टक्क्यांवर आणला, हे मात्र फार कमी प्रबंधांत वाचायला मिळतं.

संपांची तुलना करायची तर जपून. मे १९७४ चा रेल्वे संप सुमारे वीस दिवसांत मोडला गेला. संप सुरू व्हायच्या आधीच रेल्वे कामगारांचे नेते जॉर्ज फर्नांडिस अटकेत होते आणि हजारो कामगार तुरुंगात गेले. ब्रिटनच्या कोळसा खाणकामगारांचा संप मार्च १९८४ ते मार्च १९८५, पूर्ण वर्षभर चालला. तिथे सरकारने आधीच वीजकेंद्रांजवळ कोळशाचे ढीग साठवून ठेवले होते. एकीने खाणी सरकारच्या केल्या, दुसरीच्या सरकारने खाणी बंद केल्या, आणि दोन्हीकडे कामगार हरला. मला हा भाग लिहिताना दर वेळी जड जातं. आणीबाणीबद्दल तर स्पष्टच लिहा. जून १९७५ नंतर संपाचे दिवस घटले, भाववाढ खाली आली, हे आकडे खरे आहेत; पण ज्या काळात बोलणाऱ्याला कोठडी होती त्या काळातली शांतता हे धोरणाचं यश म्हणून मांडू नका. थॅचर यांना १९९० मध्ये डोईपट्टीसारख्या करावरून रस्त्यावरचा राग भोवला आणि स्वतःच्याच पक्षाने घरी पाठवलं. त्यांच्यावर टीका करणारे शेवटपर्यंत मोकळेपणी टीका करू शकले.

थॅचर यांचं महागाईविरुद्धचं धोरण निवडणार असाल तर १९८१ चा अर्थसंकल्प हाच गाभा ठेवा. मंदी असताना त्यांनी कर वाढवले. ३६४ अर्थशास्त्रज्ञांनी वृत्तपत्रातून जाहीर विरोध केला. १९८० मध्ये जवळपास २२ टक्क्यांपर्यंत गेलेली महागाई १९८३ मध्ये ५ टक्क्यांच्या आत आली, आणि बेकारांचा आकडा ३० लाखांपलीकडे गेला. दोन्ही वाक्यं एकाच परिच्छेदात लिहा. उत्तर समुद्राच्या तेलाचा पैसा नेमका याच काळात येत होता, तेही विसरू नका.

माझा कल विचाराल तर, मराठीत लिहिणार असाल आणि वर्षभराचा वेळ असेल तर इंदिरा गांधी घ्या. १९८० नंतरच्या घ्या, त्याहून उत्तम. एप्रिल १९८० मध्ये आणखी सहा बँका ताब्यात घेणाऱ्या याच बाई १९८१ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून ५०० कोटी एसडीआरचं (एसडीआर म्हणजे नाणेनिधीचं स्वतःचं हिशोबाचं एकक) कर्ज मंजूर करून घेतात, उद्योगांवरची बंधनं हळूहळू सैल करतात, आणि १९८४ मध्ये कर्जाचा शेवटचा हप्ता नाकारतात. या चार वर्षांवर मराठीत फारच थोडं चांगलं लिखाण आहे. सहा महिन्यांत प्रबंध द्यायचा असेल आणि इंग्रजी कागदपत्रं वाचायची तयारी असेल तर थॅचर घ्या. त्यांचे खासगी कागद केंब्रिजच्या चर्चिल कॉलेजात जपलेले आहेत आणि बरेचसे घरबसल्या वाचता येतात.

इंदिरा गांधी घेतल्यात तर पहिलं काम ग्रंथालयात नाही. तुमच्या तालुक्यातल्या सर्वांत जुन्या राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखेत जा आणि शाखा कोणत्या साली उघडली ते विचारा. मग त्या गावात सत्तरी ओलांडलेल्या तीन शेतकऱ्यांना भेटा, आणि त्यांच्या घरी जुनं पासबुक असेल तर ते दाखवा म्हणा.